२६ मिलिसेकंदांचा वायदा

आईकडे एक जुनी कॅसेट होती. तिच्यात आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. साथीला वाद्य नाही, दुसरा गळा नाही. खाली जात्याची घरघर आणि वर तिचा एकटीचा आवाज. फीत पार विरून जाण्याआधी आम्ही ती संगणकावर उतरवून घेतली आणि तिच्या एमपी३ फाइली केल्या. पण फोन उघडा, फोल्डर शोधा, फाइल निवडा, हे आईला नको होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं, "मला एक बटण दे. दाबलं की आई गायला लागली पाहिजे."

अशा कामासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तयार मोड्यूल मिळतात. फिनलंडच्या व्हीएलएसआय सोल्युशन या कंपनीची व्हीएस१०५३ ही चिप तर याच कामासाठी बनवलेली आहे. एका बाजूने एमपी३ फाइलीचे बाइट तिच्यात ओतत राहायचं, दुसऱ्या बाजूने हेडफोनला आवाज मिळतो. उत्तम चिप आहे. पण आजीचा आवाज त्या बंद डबीत शिरतो आणि बाहेर येतो, मधे काय घडलं ते कळत नाही. मला ते मधलं हवं होतं. म्हणून मी रास्पबेरी पाय पिको घेतला. २०२१ च्या जानेवारीत ४ डॉलर किमतीला बाजारात आलेला, बोटाएवढा बोर्ड. त्यावर आरपी२०४० ही चिप, तिच्यात दोन साधे कॉर्टेक्स-एम० प्लस गाभे, १३३ मेगाहर्ट्झचं घड्याळ आणि २६४ किलोबाइट रॅम. ध्वनी उलगडण्यासाठी वेगळी यंत्रणा त्यात काहीही नाही. जे करायचं ते बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांतूनच.

सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. नमुना म्हणजे त्या क्षणी ध्वनिलहरीची उंची, १६ बिटांत लिहिलेली. डावा आणि उजवा असे दोन्ही कान धरले तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. पिकोची अख्खी रॅम नुसत्या नमुन्यांनी भरली तरी जेमतेम दीड सेकंदाचं गाणं मावेल. हेच गाणं एमपी३ सेकंदाला १,२८,००० बिटांत, म्हणजे साधारण अकराव्या हिश्शात बसवतं.

उरलेले दहा हिस्से जातात कुठे? बरेचसे कायमचे टाकून दिले जातात. मोठ्या सुराच्या शेजारच्या वारंवारतेचा बारीक सूर आपल्या कानाला ऐकू येत नाही. ढोल वाजत असताना शेजारचा माणूस कुजबुजला तर कळत नाही, त्यातलाच हा प्रकार. जे ऐकूच येणार नाही ते नोंदवायचं कशाला, या विचारावर जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात काम केलं. १९९३ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून छापलं गेलं आणि १९९५ च्या जुलैमध्ये त्या फाइलींना 'एमपी३' हे शेपूट मिळालं. आपली पद्धत पारखायला ब्रांडेनबुर्ग सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' हे गाणं वापरत, कारण त्यात वाद्यं नाहीत, नुसता एक गळा आहे. वाद्यमेळ्यात चुका लपतात, एकट्या आवाजात त्या उघड्या पडतात. हे वाचलं तेव्हा मला आजीची कॅसेट आठवली.

काय टाकायचं आणि काय ठेवायचं, हा सगळा विवेक फाइल बनवणाऱ्या एन्कोडरचा. मानकात त्याला मोकळीक आहे, म्हणून चांगले आणि वाईट एन्कोडर असतात. डिकोडरला मोकळीक नाही. त्याने समोर आलेलं निमूटपणे आणि अचूक वाचायचं. मात्र वेळेत वाचायचं.

ती वेळ किती, हे आधी पाहू. एमपी३ फाइल फ्रेम नावाच्या तुकड्यांची माळ असते. एका फ्रेममधून प्रत्येक कानासाठी १,१५२ नमुने निघतात, म्हणजे ४४,१०० च्या दराने २६ मिलिसेकंदांचा ध्वनी. एक फ्रेम वाजत असताना पुढची तयार झालीच पाहिजे. झाली नाही तर स्पीकर थांबून राहत नाही, कट्‌कन आवाज येतो आणि ओवी तुटते. गाणं संपेपर्यंत दर २६ मिलिसेकंदांनी हा वायदा पाळायचा असतो.

हौशी लोकांचा लाडका जुना अर्डुइनो उनो हा वायदा पाळू शकत नाही, आणि का ते हिशेबाने दाखवता येतं. त्याची चिप ८ बिटांची, घड्याळ १६ मेगाहर्ट्झ, रॅम २ किलोबाइट. स्टिरिओ फ्रेमचे तयार नमुनेच ४,६०८ बाइट होतात, म्हणजे जागेतच तो हरला. जागा कशीतरी भागवली असं धरलं, तरी एका कानाच्या एका नमुन्याच्या वाट्याला घड्याळाचे १८१ ठोके येतात. डिकोडिंगच्या अगदी शेवटच्या पायरीवर प्रत्येक नमुन्यासाठी १६ गुणाकार लागतात. उनोचा गुणक ८ बिटांचा असल्याने ३२ बिटांच्या एका गुणाकाराचे १६ छोटे गुणाकार होतात, प्रत्येकी २ ठोक्यांचे. १६ गुणिले ३२, म्हणजे ५१२ ठोके. मधल्या बेरजा आणि आधीच्या सगळ्या पायऱ्या यात धरलेल्याच नाहीत.

पिकोकडे एका फ्रेमसाठी सुमारे ३४ लाख ७० हजार ठोके आहेत. आकडा ऐश्वर्याचा वाटतो. पण मानकात दिलेली सूत्रं जशीच्या तशी लिहून काढली, तर हेही ऐश्वर्य पाहता पाहता संपतं.

फ्रेमच्या तोंडाशी ४ बाइटांचा मथळा असतो आणि त्याची सुरुवात ओळीने आलेल्या एकांनी होते. ही खूण सापडली की फ्रेम सापडली, असं मी पहिल्या दिवशी समजलो आणि बटण दाबल्यावर ओवीऐवजी कर्कश चरचर ऐकली. फाइलीच्या सुरुवातीला आम्ही हौसेने आजीचा फोटो जोडला होता. जेपेग चित्रातही तशीच ओळीने एक असलेली चिन्हं ठिकठिकाणी असतात. माझा प्रोग्रॅम फोटोला गाणं समजून वाजवत होता. उपाय सरळ आहे. आधी चिकटवलेल्या माहितीची लांबी वाचून तेवढे बाइट ओलांडायचे. मग मथळा सापडला की त्यातून फ्रेमची लांबी काढायची आणि तेवढं पुढे जाऊन तिथेही मथळाच आहे ना, ते बघायचं. माहितीची ती लांबी लिहिताना प्रत्येक बाइटातले सातच बिट वापरतात, म्हणजे लांबीचा आकडाच चुकून फ्रेमची खूण वाटू नये. मानकं लिहिणाऱ्यांची ही दूरदृष्टी चरचर ऐकल्यावर जास्त कळते.

आणखी एक गाठ इथेच आहे. सोप्या जागी एन्कोडर बिट वाचवतो आणि अवघड जागी ते खर्च करतो, त्यामुळे एखाद्या फ्रेमचा मजकूर आधीच्या फ्रेमच्या हद्दीत, ५११ बाइटांपर्यंत मागे, सुरू झालेला असू शकतो. म्हणून आधीच्या फ्रेमचं शेपूट जपून ठेवावं लागतं. गाण्याच्या मधूनच सुरुवात केली की पहिली फ्रेम बहुधा मुकी निघते ती याचमुळे.

मग हफमन संकेत. डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये मांडलेली ही युक्ती: वारंवार येणाऱ्या आकड्याला आखूड संकेत द्यायचा, क्वचित येणाऱ्याला लांब. एमपी३ मध्ये अशा संकेतांचे तीसेक तक्ते आहेत. एकेक बिट बघत झाडाच्या फांद्यांवरून उतरत गेलं तर फार वेळ जातो. त्याऐवजी पुढचे काही बिट एकदम उचलायचे आणि त्यांनाच तक्त्यातला क्रमांक मानून उत्तर वाचायचं. अंकलिपीतला पाढा असाच वाचतात. सात नवे म्हणताना कोणी सात नऊ वेळा मिळवत बसत नाही.

यातून हाती येतात ते पूर्णांक, एका कानासाठी ५७६ च्या दोन तुकड्यांत. हे अजून ध्वनीचे नमुने नाहीत. कोणत्या वारंवारतेचा सूर किती, याची ती यादी आहे. शिवाय आकडे दाबलेले आहेत. मोठ्या सुरात थोडी मोठी चूक कानाला चालते, म्हणून एन्कोडरने मोठे आकडे जास्त दाबले. उलटं करताना प्रत्येक आकड्याचा चार-तृतीयांश घात काढावा लागतो. १ चा १ राहतो, ८ चे १६ होतात, २७ चे ८१. सर्वांत मोठा आकडा ८,२०६ आणि त्याचे होतात १,६५,५१७ च्या आसपास. घात मोजत बसलो तर वेळ जाईल, सगळे तक्त्यात ठेवले तर ३२ किलोबाइट जातील. व्यवहारात लहान आकड्यांचा छोटा तक्ता ठेवतात, कारण बहुतेक आकडे लहानच असतात, आणि क्वचित येणारा मोठा आकडा एका छोट्या सूत्राने काढतात. त्यावर पुन्हा दोनाच्या पाव-पाव घाताने आवाजाची पातळी लावायची असते. तिथे चारच स्थिरांक पुरतात. बाकीचं काम बिट डावी-उजवीकडे सरकवून होतं आणि त्याला जवळपास काहीच वेळ लागत नाही.

पण हे घात पूर्णांक नाहीत आणि आरपी२०४० मध्ये दशांशाच्या आकड्यांसाठी फ्लोटिंग पॉइंटचं यंत्र नाही. फ्लोटिंग पॉइंटचा एक गुणाकार त्याच्याकडून करवून घ्यायचा तर कितीतरी सूचनांचा लवाजमा लागतो. इथे आपल्या जुन्या हिशेबाची वाट उपयोगी पडते. आण्यांच्या काळात दुकानदार रुपयाचे अपूर्णांक लिहीत नसे. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. सगळं पैशात मांडलं की पूर्णांकांतच बेरीज-वजाबाकी करायची आणि शेवटी रुपये करायचे. आणि १६ म्हणजे दोनाचा चौथा घात, ६४ म्हणजे सहावा. म्हणजे आणे-पैशांचा हिशेब हा ४ आणि ६ बिटांचा स्थिरबिंदू हिशेबच होता. डिकोडर हेच करतो, फक्त त्याच्या रुपयाचे तुकडे कोट्यवधी असतात. आजीला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ होती. तिने हा प्रकार ओळखला असता.

अमेरिकेतल्या रिअलनेटवर्क्स कंपनीच्या प्रकल्पात २००३ साली लिहिलेला हेलिक्स नावाचा डिकोडर असाच निव्वळ पूर्णांकांवर चालतो. त्याला २०-३० किलोबाइट रॅम पुरते. त्याचा स्रोत खुला झाल्यामुळे आज कितीतरी हौशी बोर्डांवर, आणि सर्किटपायथनमध्येही, तोच गातो. मी त्याचा मजकूर ओळ न् ओळ वाचला. एवढ्या थोड्या शब्दांत इतका विचार क्वचितच वाचायला मिळतो.

स्थिरबिंदूच्या गुणाकाराला एक अट असते. ३२ बिटांना ३२ बिटांनी गुणलं की उत्तर ६४ बिटांचं येतं आणि आपल्याला त्याचा वरचा अर्धा हवा असतो. ज्या एआरएम चिपसाठी हेलिक्स घडला तिच्यात हे एका सूचनेत होतं. आपल्या एम० प्लसचा गुणक एका ठोक्यात काम करतो, पण हातात फक्त खालचा अर्धा ठेवतो. नेमका नको असलेला! मग प्रत्येक आकड्याचे १६-१६ बिटांचे दोन भाग पाडायचे आणि शाळेतल्या दोन कंसांच्या गुणाकारासारखे चार गुणाकार करून मिळवायचे. त्यातला शेवटचा, खालच्या भागांचा गुणाकार सोडला तर चूक इतकी बारीक होते की कानाला पत्ता लागत नाही. चाराचे तीन झाले. ही बचत सेकंदाला लाखो वेळा होते.

खरी संपत्ती मात्र याच्या पुढच्या पायरीवर आहे. वारंवारतांच्या यादीतून लहर पुन्हा विणायची तर आधी ५७६ सुरांतून ३२ पट्टे तयार होतात आणि मग ते ३२ पट्टे मिळून नमुने होतात. मानकातलं सूत्र म्हणतं, दर ३२ नमुन्यांसाठी ६४ ओळी आणि ३२ स्तंभांचा कोसाइनचा तक्ता गुणा. म्हणजे २,०४८ गुणाकार. दोन कान धरले तर सेकंदाला ५६ लाखांवर.

कोसाइनची लाट मात्र स्वतःचीच पुनरावृत्ती करणारी आहे. अर्धी लाट म्हणजे उरलेल्या अर्धीचं आरशातलं रूप. त्यामुळे तक्त्यात तेच ते आकडे, कधी उलट्या चिन्हाने, पुन्हा पुन्हा येतात. पाच साते आणि पाच त्रिक वेगवेगळे करून मिळवण्यापेक्षा सात आणि तीन आधी मिळवून एकदाच पाचाने गुणावं, एवढीच ही गोष्ट. ३२ आकडे असे जोडीजोडीने दुमडले की १६-१६ चे दोन प्रश्न उरतात, ते पुन्हा दुमडले की ८ चे चार. पाच घड्या घातल्या की काम संपतं आणि गुणाकार लागतात ८०. कुठे २,०४८ आणि कुठे ८०! उत्तर तेच, कानाला फरक शून्य.

या कोसाइन रूपांतराचा पाया घालणारे नासिर अहमद मूळचे बंगळूरचे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेत छापून आला. फोटोच्या जेपेगमध्ये तेच रूपांतर आहे आणि एमपी३ मध्ये त्याचीच भावंडं. म्हणजे ज्या फाइलीने माझा पहिला दिवस वाया घालवला, तिच्यातलं चित्र आणि गाणं दोन्ही एकाच गणिताच्या घरातली होती.

एका बाबतीत एमपी३ बद्दल माझी तक्रार आहे. तबल्यावर थाप पडते तेव्हा लांब तुकड्यात मांडलेली चूक थापेच्या आधीही पसरते आणि बारीकशी पूर्वछाया ऐकू येते. ती टाळायला एन्कोडर तुकडा तीन भागांत कापतो, पण कमी बिटांत त्याचंही फार चालत नाही. डिकोडर कितीही नेटका लिहिला तरी ती छाया पुसता येत नाही. म्हणून जुन्या रेकॉर्डिंगची मूळ, न दाबलेली प्रत घरात जपून ठेवावी. आम्ही ठेवली आहे.

गणित वेळेत बसलं तरी अजून दोन ठिकाणी वायदा मोडू शकतो. पिकोवर प्रोग्रॅम बाहेरच्या फ्लॅश चिपमध्ये असतो आणि गाभा तो १६ किलोबाइटच्या छोट्या कॅशमधून वाचतो. कोसाइनचा भाग, हफमनचे तक्ते, सगळं एकमेकांना तिथून ढकलत राहतं आणि गाभा फ्लॅशची वाट बघत बसतो. सर्वांत जास्त राबणारी दोन-तीन फंक्शन्स रॅममध्ये हलवली की हा खोळंबा जातो. दुसरं ठिकाण म्हणजे फाइली ठेवलेलं मेमरी कार्ड. वाचायला सांगितल्यावर कार्डाने १०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतला तर तो नियमात बसतो, आणि तेवढ्यात चार फ्रेमा चुकतात. म्हणून पुढचा साठा हाताशी हवा. तो दाबलेल्या रूपातच ठेवावा: ४ किलोबाइटमध्ये एमपी३ चा पाव सेकंद मावतो, उलगडलेल्या नमुन्यांचा मात्र सेकंदाचा पन्नासावा हिस्सासुद्धा जेमतेम.

तयार नमुन्यांसाठी दोन खण ठेवले आहेत. एक खण चिपमधला डीएमए नावाचा हमाल गाभ्याला न विचारता बाहेर वाहून नेतो, तोवर गाभा दुसरा भरतो. आरपी२०४० मध्ये ध्वनीसाठीची आयटूएस जोडणी तयार मिळत नाही, पण पीआयओ नावाची चिमुकली यंत्रं आहेत. चार-सहा सूचना लिहिल्या की ती तीन तारांवर अचूक तालात बिट सोडत राहतात. पुढे आकड्यांचा विद्युत संकेत करणारी एक डॅक चिप, एक ॲम्प्लिफायर आणि आईच्या जुन्या रेडिओतून काढलेला स्पीकर.

वायदा कितपत पाळला जातोय ते पाहण्यासाठी मी एक साधी सोय केली. फ्रेम उलगडायला घेतली की एक पिन वर करायची, झाली की खाली. ऑसिलोस्कोपवर चौकोनी पट्ट्या दिसतात. पट्टी म्हणजे काम, मधली जागा म्हणजे उसंत. आई शेजारी येऊन बसली. ओवी चालू असताना पट्ट्या रुंद होत्या. ओळ संपली, आजीने श्वास घेतला, आणि तेवढ्यापुरत्या त्या आखूड झाल्या: गळा थांबला की बरेच सूर शून्य होतात, हफमनला थोडं वाचावं लागतं आणि शून्यांचे पट्टे गणितही ओलांडून जातं. मी आईला ते समजावून सांगितलं. तिने पुढचा श्वास येईपर्यंत पडद्यावरून नजर काढली नाही, आणि तो आला तेव्हा बोट लावून म्हणाली, "ही बघ. इथे ती जात्यात दाणे टाकायची."